लायकेनचे नमुने संग्रहासाठी: खडकावरून पुडीत, पुडीतून कपाटात

जुन्या संग्रहात लायकेनचा कप्पा उघडला की दोन तऱ्हेच्या पुड्या हाती येतात. एकीत नखाएवढा सालीचा तुकडा, तोही कडेने चुरलेला. पण चिठ्ठीवर झाडाची जात, खोडाची कुठली बाजू, जमिनीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, सगळं जिथल्या तिथे. दुसरीत तळहाताएवढा देखणा नमुना आणि चिठ्ठीवर फक्त ‘झाडावर, डोंगराळ भाग’. अभ्यासकाला पहिली पुडी हवी असते. नमुन्याचं नाव शंभर वर्षांनीही लावता येतं, चुकलं तर बदलता येतं. तो कुठे आणि कशावर वाढत होता, हे मात्र त्या दिवशी लिहिलं नाही तर कायमचं गेलं. पुढची सगळी कृती याच एका गोष्टीभोवती फिरते.

आधी थोडं लायकेनबद्दल. मराठीत याला शैवाकही म्हणतात. बुरशी आणि शैवाल किंवा नीलहरित जीवाणू यांचं हे एकत्र बिऱ्हाड. सिमोन श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकात हे मांडलं तेव्हा त्या काळच्या बऱ्याच लायकेनतज्ज्ञांना ते मुळीच रुचलं नव्हतं. नामकरणाच्या नियमांनुसार लायकेनला दिलेलं नाव त्यातल्या बुरशीचं असतं. पण पुडीत एकटी बुरशी येत नाही. टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये काही लायकेनच्या वरच्या थरात आणखी एक, यीस्टसारखी बुरशी दाखवून दिली. त्याशिवाय लायकेनवरच जगणाऱ्या बुरश्या असतात, त्या वेगळ्याच. म्हणून नमुना घासूनपुसून ‘स्वच्छ’ करायच्या फंदात पडू नका. वरचे काळे ठिपके तुम्हाला कचरा वाटतील, दुसऱ्या कुणाला त्यातच नवी जात सापडेल.

निघण्याआधी

परवानगी लेखी घ्या. जमीनमालकाची वेगळी, वनखात्याची किंवा संरक्षित क्षेत्राची वेगळी. परवान्याचा क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण चांगले संग्रह आता नमुना स्वीकारताना तो मागतात. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर प्रकरण आणखी वाढतं. जनुकीय संसाधनांबाबतचा नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे आणि नमुना ज्या देशातून निघतो तिथले नियम पाळल्याचा कागद दाखवावा लागू शकतो. हे काम गोळा करून आल्यावर करू म्हणणाऱ्यांचे नमुने वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहतात.

सामान फारसं लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात अडकवलेलं हवं, खिशात नको. जाड पात्याची सुरी, छाटणीची कात्री, पोलादी छिन्नी, किलोभर वजनाची हातोडी, डोळ्यांवर चष्मा, पाण्याची फवारणीची बाटली, कागदी पिशव्या, मऊ कागद, पेन्सिल, नोंदवही, जीपीएस. डोळ्यांचा चष्मा लोक घरी विसरतात आणि खडकाची कपची डोळ्यात गेली की आठवतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊच नका, ओल्या लायकेनला त्यात एका रात्रीत बुरा येतो.

किती घ्यायचं

कवचासारखी वाढणारी कित्येक लायकेन वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. तळहाताएवढा ठिपका आपल्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. या संथ वाढीवरूनच खडक किती काळ उघडा आहे याचा अंदाज बांधायची पद्धत रोलंड बेशेल यांनी १९५०च्या सुमारास रूढ केली. त्यामुळे माझा साधा नियम: त्या जागी वीसेक तरी दिसले तर एक घ्यायचा, एकच दिसला तर फोटो काढून पुढे जायचं. नमुना पाच सेंटिमीटरचा पुरतो, बहुतेक वेळा त्याहून लहानही चालतो. शिलालेख, थडगी, कोरीव काम, जुन्या बांधकामाचा दगड आणि चित्रं असलेला कातळ यांना छिन्नी लावायची नाही. तिथे कितीही दुर्मीळ काही दिसलं तरी नाही.

उचलण्याआधी दोन फोटो: एक पट्टी ठेवून जवळून, दुसरा दोन-तीन मीटरवरून, म्हणजे परिसर दिसेल. मग पाण्याचा फवारा मारा आणि रंग बदलतो का पाहा. काही करडी लायकेन ओली झाली की हिरवीगार होतात, काही फुगून जेलीसारखी लिबलिबित होतात. वाळल्यावर हे दिसणार नाही, म्हणून तिथेच लिहून ठेवा. फवाऱ्याचा दुसरा फायदा असा की कोरडी असताना हात लावताच कुडकुडीत तुटणारी पानासारखी लायकेन ओली झाल्यावर चामड्यासारखी लवचीक होतात आणि अख्खी निघतात.

प्रकारानुसार उचलण्याची रीत

*पानासारखी.* सुरीचं पातं खालून सरकवत, आधारापासून सोडवत चला. कडेची पाळी आणि मधला भाग दोन्ही हवेत, आणि खालची बाजू शाबूत राहिली पाहिजे. खालचा रंग, तिथली मुळांसारखी तंतुमय पकड, पेल्टिजेरामध्ये खालच्या शिरा, यांवाचून ओळख अडते. अंबिलिकॅरिया खडकाला मधोमध एकाच देठाने चिकटलेलं असतं. तो देठ खडकावरच राहिला तर नमुना निम्मा गेला.

*झुडपासारखी.* उस्निया फांदीवरून नुसतं ओढून घेतलं की बुडखा झाडावर राहतो आणि शेंडे हातात येतात. अनेक जाती बुडख्याच्या काळेपणावरून वेगळ्या काढतात, म्हणून फांदीच्या छोट्या तुकड्यासकट कापा. हे उस्नियाच आहे ना, याची खात्री जागेवरच होते: ओलसर धागा दोन बोटांत धरून हलकेच ताणला की बाहेरची साल ठिकठिकाणी तडकते आणि आत रबरासारखी ताणली जाणारी पांढरी दोरी दिसते. तशीच दिसणारी इतर लायकेन सरळ तुटतात. क्लॅडोनिया घेताना उभ्या दांड्यांबरोबर पायथ्याचे बारीक खवलेही घ्या. नुसत्या दांड्या आणून काही उपयोग नाही.

*सालीवरचं कवच.* हे आधारापासून सुटत नाही, त्यामुळे साल घ्यावीच लागते. सुरी सालीला जवळजवळ समांतर धरून वरचा मृत थर तासायचा, खालचा जिवंत हिरवट-ओला थर दिसता कामा नये. पातळ सालीच्या झाडाला हे जमत नसेल तर खोडाला हातच लावू नका. नुकत्याच पडलेल्या फांद्या धुंडाळा. वादळानंतरचा दिवस यासाठी सोन्यासारखा, कारण शेंड्यावरची लायकेन आयती जमिनीवर येतात. मात्र ‘पडलेल्या फांदीवर’ असं नोंदवायला विसरू नका.

*खडकावरचं कवच.* सगळ्यात जिकिरीचं काम. सपाट कातळाच्या मधोमध छिन्नी मारून काही निघत नाही, पांढरा चुरा तेवढा उडतो. कड, कंगोरा किंवा आधीच असलेली भेग शोधा. छिन्नी भेगेच्या दिशेने तिरकी धरा आणि एका जोरदार घावाऐवजी हलके, लागोपाठ ठोके द्या. दोन-तीन सेंटिमीटरची, पातळ कपची आदर्श. तिच्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: बाहेरची कड, मधला भाग आणि फलकाय, म्हणजे बीजाणू तयार होणाऱ्या त्या बारीक बशा किंवा ठिपके. कडेला कधी काळी रेघ असते, ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकममध्ये ती नकाशावरच्या सीमेसारखी ठळक दिसते. ती कापली गेली तर ओळखीची एक मोठी खूण हातची जाते. खडकावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकून पाहा. फेसाळला तर चुनखडीचा अंश आहे. चुनखडी आणि बिगरचुनखडी खडकांवरच्या जाती बहुतांशी वेगळ्या असतात, त्यामुळे या एका थेंबाने पुढचं निम्मं काम सोपं होतं. थेंब लायकेनपासून दूर टाकायचा, हे सांगायला नको.

*मातीवरचं.* खालच्या सेंटिमीटरभर मातीसकट सुरीने ढेकूळ उचला आणि छोट्या डबीत मऊ कागदात बसवा. घरी पूर्ण वाळल्यावर ढेकळाच्या खालच्या बाजूला आम्लरहित पांढरा डिंक पाण्यात पातळ करून मुरू द्या, नाहीतर वर्षभरात पुडीत नुसती धूळ उरते.

*पानांवरचं.* दमट जंगलात जिवंत पानांवरही लायकेन असतात. ती पानं वनस्पतींच्या नमुन्यासारखी दाबून वाळवा. दाबयंत्राचा उपयोग लायकेनच्या कामात जवळपास इथेच, बाकी कशालाही दाबून सपाट करू नये. फार तर पानासारखं मोठं लायकेन ओलं असताना हलक्या वजनाखाली थोडं पसरवावं.

नोंद: हीच खरी मेहनत

प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यायचा, आणि हा क्रम आयुष्यभर एकच चालतो. दरवर्षी एकपासून सुरुवात केली की काही वर्षांनी ‘क्रमांक १७’ नावाचे अनेक नमुने तयार होतात आणि कुणाचा मेळ कुणाशी लागत नाही. पिशवीवर क्रमांक, नोंदवहीत तोच क्रमांक, तोही पेन्सिलीने. बॉलपेनची शाई ओल्या कागदावर पसरते, पेन्सिल टिकते.

एका नमुन्याची पुरेशी नोंद कशी असते, ते पाहा:

‘क्र. ४१२. ओढ्यापासून ४० मी. वर, पायवाटेच्या उत्तरेस. अक्षांश-रेखांश दशांशात, डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसची संदर्भप्रणाली), अचूकता ±८ मी. समुद्रसपाटीपासून ९३० मी. एकट्या उभ्या जिवंत झाडाच्या खोडावर, खोडाचा व्यास ६० सेंमी, जमिनीपासून १.५ मी., वायव्य बाजू, साल खडबडीत, थेट ऊन दुपारनंतर. ओलं असताना गर्द हिरवं. शेजारच्या चार झाडांवरही भरपूर.’

शेवटचं वाक्य नवखे लोक हमखास गाळतात, पण पन्नास वर्षांनी एखादी जात तिथून नाहीशी झाली का, हे त्यावरूनच कळतं. झाडाची जात ओळखता येत नसेल तर अंदाजाने लिहू नका. पान-फांदी आणून कुणाला तरी दाखवा. महिना अक्षरी किंवा रोमन अंकात लिहा, नुसत्या आकड्यांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. आणि जीपीएसचे आकडे असले तरी जागेचं वर्णन शब्दांतही हवं. आकड्यांतला एक अंक चुकला तर नमुना समुद्रात जाऊन पडतो. शब्दांतलं वर्णन सोबत असेल तर चूक लगेच पकडता येते.

वाळवणं

त्याच संध्याकाळी सगळ्या पिशव्या उघडायच्या. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, कागदावर पसरून ठेवल्या की पातळ लायकेन एक-दोन दिवसांत वाळतं. मातीच्या ढेकळाला आठवडा लागू शकतो. ओव्हन नको. कोमट हवेचा कपाट-वाळवक असेल तर तापमान ३५–४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. डीएनएसाठी तुकडा काढून ठेवायचा असेल तर तो आत्ताच, नमुना ताजा असताना, सिलिका जेलच्या छोट्या पाकिटात घाला आणि मूळ क्रमांक त्यावर लिहा.

वाळताना गोगलगायी, कोळी, किडे बाहेर येतात, ते तिथेच सोडा. एका कपचीवर चार जाती असणं नेहमीचंच. शक्य असेल तर कपची फोडून वेगळ्या पुड्या करा आणि ४१२अ, ४१२ब असं लिहा. फोडता येत नसेल तर नमुन्याशेजारी उघड्या दगडावर पेन्सिलीने बारीक बाण काढा, म्हणजे ‘या चिठ्ठीतलं लायकेन कोणतं’ हा वाद राहत नाही.

पुडी

कागद आम्लरहित हवा, शक्यतो कापसाच्या लगद्याचा. वर्तमानपत्र कधीच नको. ते पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि त्याचं आम्ल नमुन्यात उतरतं. ए४ आकाराचा कागद उभा ठेवा. खालची कड १० सेंटिमीटर वर दुमडा. वर उरलेली सुमारे पावणेदहा सेंटिमीटरची पट्टी त्या कडेवरून खाली आणा. आता १० सेंटिमीटर उंच आणि २१ रुंद अशी घडी झाली. तिच्या डाव्या-उजव्या बाजू तीन-तीन सेंटिमीटर मागे दुमडा. झाली १५ × १० ची पुडी. बाजू मागे वळल्यामुळे चुरा कोपऱ्यातून गळत नाही आणि पुढचा पट्टा चिठ्ठीसाठी सपाट मिळतो. डिंक, स्टेपलर, चिकटपट्टी यांचं इथे काही काम नाही. पिना गंजतात आणि चिकटपट्टीचा चिकट थर वीसेक वर्षांनी सगळीकडे पसरतो.

नाजूक नमुना आत जाड कार्डाच्या तुकड्यावर ठेवा. दगडाच्या कपचीला खालून आम्लरहित डिंकाचा ठिपका देऊन कार्डावर बसवा, नाहीतर प्रत्येक वेळी पुडी हाताळताना दगडच लायकेनला घासत राहतो. मोठे दगड पुडीत कोंबू नका, त्यांना डबी द्या.

ओळख आणि रासायनिक चाचण्या

रंगचाचणी, म्हणजे रसायनाचा थेंब टाकून रंग बदलतो का ते पाहणं, नेहमी नमुन्यातून काढलेल्या कणावर, काचपट्टीवर करायची. थेट नमुन्यावर थेंब टाकला की तो भाग पुढच्या अभ्यासकासाठी संपला. विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये रूढ केलेल्या दोन चाचण्या आजही पहिल्या: पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं सुमारे १० टक्के द्रावण, म्हणजे ‘के’, आणि ब्लीच, म्हणजे ‘सी’. नारिंगी झँथोरियाच्या कणावर के टाका. क्षणात गर्द जांभळट-लाल डाग उमटतो. तो पॅरिएटिन या रंगद्रव्याचा. लायकेनमध्ये तयार होणाऱ्या आम्लांपैकी नॉरस्टिक्टिक आम्ल असेल तर के टाकल्यावर आधी पिवळं आणि मग हळूहळू रक्तासारखं लाल होतं. घाई न करता मिनिटभर थांबलात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंत तर लाल सुयांसारखे स्फटिक वाढताना दिसतात. तेवढ्यासाठी थांबावं, फार सुंदर दिसतं.

ब्लीच लवकर मरतं. ‘सी नकारात्मक’ लिहिण्याआधी लेकॅनोरिक आम्ल असलेल्या, हमखास लाल होणाऱ्या एखाद्या ओळखीच्या लायकेनवर ते तपासून घ्या. तिसरी चाचणी पॅराफेनिलीनडायअमिनची, म्हणजे ‘पी’. हे रसायन त्वचेला आणि श्वासाला बाधतं, कागदावर आणि बोटांवर कायमचे डाग पाडतं. हातमोजे आणि हवेशीर जागा नसेल तर करूच नका. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा मात्र प्रत्येकाकडे असावा. त्याने नमुन्याचं काहीच बिघडत नाही आणि काही आम्लं अंधारात पांढरी-निळी किंवा नारिंगी चमकतात. लेप्रारियासारख्या नुसत्या भुकटीच्या लायकेनला ना बशा असतात ना पाळ्या. तिथे या चाचण्या आणि पातळ थर वर्णलेखन (नमुन्यातली द्रव्यं वेगळी करून ओळखायची पद्धत) यांवरच भिस्त. ही आम्लं टिकाऊ असतात, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यावरही बहुतेक चाचण्या चालतात.

बशांचा काप घ्यायला साधं नवं ब्लेड पुरतं. काप पाण्यात, झाकणकाच, ४०० पट. बीजाणूंचं माप, पडद्यांची संख्या, रंग लिहा, आणि हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून पुडीतच ठेवा. नोंदवही हरवते, पुडीतली चिठ्ठी हरवत नाही.

नाव बदललं तर? जुनी चिठ्ठी खोडायची नाही, काढायची तर नाहीच. नवी चिठ्ठी शेजारी लावायची: नवं नाव, ओळख पटवणाऱ्याचं नाव, वर्ष. पार्मेलिया म्हणून ठेवलेल्या कितीतरी पुड्या गेल्या काही दशकांत वेगवेगळ्या प्रजातींत वाटल्या गेल्या. जुन्या चिठ्ठ्या जागेवर असतील तरच त्यांचा माग लागतो. नाव ठरत नसेल तर ‘लेकॅनोरा, जात अनिश्चित’ लिहिणं हे चुकीच्या नावापेक्षा शंभर पटीने बरं.

कीड आणि साठवण

पुस्तकातल्या उवा आणि साठवणीतले भुंगेरे हे संग्रहाचे कायमचे शत्रू. संग्रहात शिरणारी प्रत्येक पुडी, बाहेर जाऊन परत आलेलीसुद्धा, आधी गोठवायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर, जमल्यास दोन. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास तशीच बंद ठेवायची. आधी उघडली तर गार नमुन्यावर दव धरतं आणि सगळी वाळवणी पाण्यात जाते. थंडीने नमुन्याला इजा होईल ही भीती बाळगू नका. युरोपीय अवकाश संस्थेच्या २००५ मधल्या प्रयोगात लायकेन उघड्या अवकाशात सुमारे दोन आठवडे राहून जिवंत परतली आहेत. डांबरगोळ्या आता बहुतेक संग्रहांनी बंद केल्या आहेत, त्या माणसाला बाधतात. जुन्या कप्प्यांतले नमुने हाताळताना हातमोजे घाला, कारण पूर्वी वनस्पतिसंग्रहांत कीड मारायला पाऱ्याचे विषारी क्षार सर्रास वापरत.

पुड्या खोक्यात उभ्या, पत्त्यांच्या कार्डांसारख्या लावा. एकमेकींवर रचल्या की तळातल्या चुरतात. तापमान १८ ते २२ अंश, आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आत, उजेड कमीत कमी. पिवळी-नारिंगी लायकेन उजेडात फिकी पडतात.

जोडनमुना पाठवणं

नमुना पुरेसा मोठा असेल तर त्याचा एक भाग दुसऱ्या संस्थेकडे ठेवा. मार्च १९४३ मध्ये बर्लिनच्या वनस्पतिसंग्रहावर बाँब पडले आणि त्यातला मोठा भाग जळून गेला. जळालेल्यांपैकी ज्यांचे जोडनमुने इतर शहरांत होते तेवढेच अभ्यासाला उरले. जोडनमुना एकाच जातीचा, एकाच जागेचा, त्याच क्रमांकाचा हवा. दोन झाडांवरचं मिसळून पाठवू नका, दोन्हीकडे वेगळी जात निघाली की क्रमांकाला अर्थ राहत नाही. कुठली संस्था लायकेन घेते हे न्यू यॉर्क वनस्पती उद्यानाच्या देखरेखीखालच्या ‘इंडेक्स हर्बेरियोरम’ या यादीत सापडतं. तिथे प्रत्येक संग्रहाचं लघुनाम आणि पत्ता आहे. पाठवण्याआधी पत्र लिहून विचारा. पुड्या खोक्यात घट्ट बसवा, रिकाम्या जागेत चुरगळलेला कागद भरा, दगडाच्या डब्या नेहमी तळाला. खोक्यात वरच यादीची प्रत, क्रमांक आणि परवान्यासह. तीच यादी ईमेलने आधी पोहोचलेली असावी.